दोन डिग्र्यांचा भाचा

इतकं शिकून इतका बिनकामाचा दिसणारा माणूस देवासच्या मराठी समाजात माझ्या भाच्याशिवाय दुसरा सापडायचा नाही. भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. वडिलांच्या सारख्या बदल्या, म्हणून शाळेपासून आमच्याकडेच वाढलेला. आधी त्याने एमबीए केलं. तेवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. याने पब्लिक पॉलिसीत, म्हणजे सरकारने लोकांसाठी काय करावं या विषयात, आणखी एक डिग्री घेतली, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दोन भाडेकरू राहतात, ज्यांचं आपसात पटत नाही. भाजीला पाठवलं की एमबीए घासाघीस करून भाव पाडतं. कोपऱ्यापर्यंत येतो तोवर दुसरी डिग्री जागी होते, आणि हा परत जाऊन पूर्ण पैसे देऊन येतो. भाजीवालीला आता सवय झाली आहे. ती त्याला मनसोक्त घासाघीस करू देते आणि तो परत यायची वाट बघते.

एका वर्षी गणपतीच्या महाप्रसादाची व्यवस्था त्याच्याकडे दिली. एक डिग्री म्हणे लवकर वाढा, दुसरी म्हणे सगळ्यांना पुरवा. आधी म्हातारे की आधी मुलं, यावर त्याने कार्यकर्त्यांची बैठकच घेतली आणि तोवर पुऱ्या गार झाल्या. पण शेजारच्या चौकीदाराचं कुटुंबसुद्धा त्या वर्षी पोटभर जेवलं, हे मी बघितलं. मंडळाचे अध्यक्ष त्याला बाजूला घेऊन आमच्या इकडच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले, "भिया, अगले साल तू सिर्फ जेवायला ये."

नोकरीही त्याने अशीच मधोमध शोधली. धार जिल्ह्यात मनावर नावाचं गाव आहे, तिथे बायकांच्या बचतगटांनी मिरचीची कंपनी काढली आहे, ती हा सांभाळतो. सरकारी योजनेतून यंत्र मिळवायचं आणि बाजारात माल विकायचा. कलेक्टर कचेरीत त्याला व्यापारी समजतात, मंडीत सरकारी माणूस, त्यामुळे चहा कुठेच मिळत नाही. आठवडाभर तिकडे राहून शनिवारी देवासला यायचा. अशात इंदूरच्या एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं. पगार चांगला, देवासहून घडीभराचा रस्ता. हा उत्तर देईना. नणंदेने स्थळं बघायचं माझ्यावर सोपवलं होतं, आणि माझा बेत साधा होता: लग्न झालं की बायको म्हणेल इंदूर, आणि पोर जवळ राहील.

धारची मुलगी मीच शोधली. जनावरांची डॉक्टर, सरकारी नोकरी, नेमणूक अमझेऱ्याला. लग्नानंतर इंदूरला बदली मागून घेईल, असा मी मनाशी हिशोब केला होता. आम्ही बघायला गेलो. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, "आपण नक्की करता काय? म्हणजे सरकारी की प्रायव्हेट?"

"दोन्हीच्या मधलं," हा म्हणाला, आणि गप्प बसावं की नाही? "काका, दोन्ही बाजू सांगतो. माझ्याशी लग्न करण्यात फायदा हा, की मी स्वयंपाक करतो आणि खोटं बोलत नाही. नुकसान असं आहे, की पगार कमी, मिरची गेली तर तोही उशिरा, आणि इंदूरची नोकरी आली आहे, पर मेरा मन नहीं है."

मी डोळे मिटून घेतले. ज्याला बाजारात माल विकायला शिकवलं, त्याने स्वतःलाच असं विकायला मांडावं!

मुलीने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. ती म्हणाली, "मला बदली नकोच आहे. तिकडच्या बायका रात्री-बेरात्री बकरी घेऊन येतात, त्यांना सोडून कुठे जाऊ? अमझेऱ्याहून मनावर काही लांब नाही."

मग माझ्या भाच्याने तिला शेळ्यांच्या विम्याविषयी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि त्या दोघांना आमची गरज उरली नाही.

परतताना तो गाडी चालवत गुणगुणत होता. इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला खरंच फार बरं वाटलं. इंदूर असतं तर दर रविवारी जेवायला आला असता. आता सणावारी येईल, तेही मिरचीच्या हंगामात नाही. डोळे भरून आले ते मी खिडकीकडे वळून पुसले. कुणाला बोलणार? मुलगी मीच शोधली होती.