तीन दफनभूम्या, एक किलो रांगोळी आणि आबांचा दगड

रांगोळी माझी, आरसा माझा, सोललेले गुडघे माझे, आणि शाबासकी शैलाक्काला! भावकीच्या ग्रुपवर अंगठे, जोडलेले हात, फुलांचे गुच्छ, सगळं तिच्या नावावर. 'ताई, केवढं मोठं काम केलंस.' 'तुझ्यामुळं आपल्या पिढ्यांची यादी झाली.' तिच्या फोटोत दगडाच्या कडेला एक ओला हात दिसतो, बांगड्या कोपराकडं सारलेला. तो हात कुणाचा, हे एकानंही विचारलं नाही. माझा आहे तो. कापून काढायचा राहिला तिच्याकडून.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी सुमन, कोल्हापूरची, शाळा चौथीपर्यंत. हा ब्लॉग सुनेनं काढून दिला. मी फोनशी बोलते, ती अक्षरं सरळ करते. ती म्हणाली, "आई, राग बाजूला ठेवून प्रवासाचं लिहा." मी म्हटलं, दोन्ही लिहिणार.

शैलाक्का माझी चुलत बहीण, थोरल्या आबांची मुलगी. पुण्यात बँकेत होती, आता निवृत्त. आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्यात पुरतात. पण कोण कुठल्या गावाला पुरलंय ते आता कुणाला धड ठाऊक नाही. तर जानेवारीत तिचा फोन आला. आपल्या घरातली सगळी थडगी हुडकायची, प्रत्येक दगडाचा फोटो, नाव, जन्म, मरण, गाव, ओळ कितवी, हे फोनमधल्या तक्त्यात भरायचं, म्हणजे पुढच्या पोरांना एका बोटावर सापडेल. "तुला जागा माहीत आहेत. तू दाखव, मी नोंदवते," म्हणाली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, कष्ट कुणाचे आणि नाव कुणाचं.

मी का गेले, तेही सांगते. आईसाठी. माझी आई सारा, मी नऊ वर्षांची असताना गेली. पेठ वडगावला पुरली. तिच्या थडग्यावर दगड नाही, नुसता धोंड्यांचा चौकोन आणि एक कण्हेर. गंमत बघा, माझे वडील अण्णा, त्यांचा धंदाच दगडाचा. गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे आणि आमच्या लोकांचे थडग्याचे दगड कोरायचे. साऱ्या तालुक्याला दगड दिले, बायकोला नाही. आईसाठी काळा दगड आणला होता, कोरलाही होता, पण मला म्हणाले, "चीर गेली गं त्याला. फुटला." मग नवा आणतो, आणतो म्हणत तेही तिच्याच शेजारी जाऊन झोपले. म्हटलं, दगड नसू दे, यादीत तरी आईचं नाव येईल.

पहिला दिवस, हातकणंगले. कोल्हापुरातून साडेआठला निघालो. शैलाक्काची पांढरी गाडी, आत थंड हवा, हिवाळ्यात सुद्धा. गाळपाचे दिवस होते, उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास गेला. तुम्हाला जायचं असेल तर एसटीनं जा, बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर वडापची जीप मिळतेच, पण त्यात कुणाच्या मांडीवर बसायची तयारी ठेवा. मला गाडीत मागं बसवलं, कारण पुढच्या सीटवर तिचा लॅपटॉप होता. लॅपटॉपला पट्टा लावला होता. मला नव्हता.

कामाचं सांगते, लिहून घ्या. दफनभूमीला कुलूप असतं, किल्ली कुणाकडं आहे ते आदल्या दिवशी विचारा. पाणी, फडकं, केसांचा जुना ब्रश न्या. तारेचा ब्रश लावला तर दगड सोलतो. ऊन तिरकं असताना जा, सकाळी नाहीतर चारनंतर. आणि अक्षरं झिजलेली असतील तर कोरडी रांगोळी हातानं पसरून फडक्यानं पुसून घ्या. वरची निघते, खाचेतली राहते, आणि नाव असं पांढरं उमटतं की जणू आत्ता कुणी हाक मारली. काम झालं की फुंकून, ब्रशनं काढून टाका. ही युक्ती माझी आहे. ग्रुपवर शैलाक्कानं लिहिलं, 'आम्ही एक पद्धत विकसित केली.' आम्ही! आमच्या घरात रांगोळी नसते, मी शेजारच्या पाटीलकाकूंकडून मागून आणलेली. त्या म्हणाल्या, "थडग्यावर न्हेतीस व्हय गं माझी रांगोळी? ने. पण उरली तर परत आणू नगंस."

हातकणंगल्यात आमची सहा थडगी. रेल्वेत गँगमन असलेले आजीचे भाऊ, त्यांची बायको, बाकी लेकरं. मी गुडघ्यावर, शैलाक्का छत्रीखाली उभी राहून वाचायची आणि नोंदवायची. चार दगडांच्या खालच्या कोपऱ्यात जोंधळ्याचं बारीक कणीस कोरलेलं. ती अण्णांची खूण.

"हे कणीस पण लिही की तुझ्या तक्त्यात," मी म्हटलं.

"त्याला रकाना नाही सुमन."

"मग कर की रकाना."

"असं मधेच नाही करता येत."

मला तर भाजीत मीठ राहिलं तर मधेच घालता येतं. पण मी चौथी शिकलेली, पुढच्या दगडाकडं सरकले. तिला आबांनी मिरजेला बोर्डिंगात घातलं होतं. मला अण्णांनी दगडावर बसवून अक्षरं शिकवली, माझं बोट धरून खाचेतनं फिरवायचे. चौथीनंतरचं जोडाक्षर मला अजून डोळ्यापेक्षा बोटानं लवकर कळतं. तिचा हेवा मला तेव्हा वाटायचा, आता वाटतो, आणि हे लिहायची मला लाज नाही.

स्टेशनजवळ गरम भजी खाल्ली. भजी झकास, चहा नुसतं गोड पाणी.

दुपारी कबनूर. तिथली जागा सापडायला अवघड. यंत्रमागाच्या दोन शेडच्या मधल्या बोळातनं आत जायचं. खटखट, खटखट, बोललेलं ऐकू येत नाही, आणि थडग्यांवर सुताची भुरी बसलेली, कापूस पांघरल्यासारखी. आमचं एकच थडगं तिथं, आत्याचं. मी ते पुसत होते तेव्हा शेजारच्या घरातली एक बाई भिंतीवरनं बघत होती. डोक्यावर पदर, हातात मागाची, सुताची कांडी भरायचं काम तसंच.

"कुनाला हुडकताय, भाभी?" तिनं ओरडून विचारलं.

"आत्याला. सापडली."

"बरं हाय तुमचं. आमच्यात बायका आत जात न्हाईत. माझी अम्मा त्या पल्याडच्या कबरस्तानात हाय, मी बाहीरनंच बघून येतो. तुमाला हात लावाय मिळतंय."

तिनं तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायले आणि थोडं आत्याच्या दगडावर ओतलं. माझ्या आयुष्यात कुणी माझा हेवा केला तो तेवढाच. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

गाडीत बसल्यावर मी विषय काढला. "उद्या वडगावात आईचं कसं भरायचं?"

शैलाक्का आरशात न बघता म्हणाली, "हे बघ, नियम एकच ठेवलाय. दगडावर जे कोरलंय तेच यादीत. नाहीतर प्रत्येक जण सांगेल, इथं माझी आजी, तिथं माझा काका. पुरावा लागतो."

"मी तिला मूठमाती दिलीय. मी पुरावा न्हाय व्हय?"

"तुला वाईट वाटेल म्हणून मी नियम मोडू का?"

शिरोलीपर्यंत मी खिडकीतनं उसाच्या ट्रॉल्या मोजल्या. माझ्या पिशवीत झुणका-भाकरीचा डबा होता, दोघींपुरता. मी तो घरी येऊन एकटीनं खाल्ला.

दुसरा दिवस, पेठ वडगाव. हमरस्त्यानं वाठारला वळायचं, मग सरळ. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही नेमकं बाजारादिवशी गेलो, कारण तारीख शैलाक्कानं ठरवलेली. किल्ली राखणदार दानियलमामांकडं असते. सत्तरीचे आहेत, कानानं कमी, तोंडानं जास्त. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? कण्हेरीला पानी घालतोय बरं का मी." शैलाक्काला म्हणाले, "या पावणं." मला जरा गार वाटलं.

वडगावात आमची दगड असलेली अकरा थडगी, आणि मधोमध थोरले आबा. लांबरुंद काळा दगड, विटांच्या चौथऱ्यावर आडवा, वर नाव, शास्त्रातलं वचन, वेलबुट्टी. अण्णांच्या हातचा सगळ्यात देखणा दगड. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी सगळे आपापली थडगी धुतात, रंगवतात, आणि दर वर्षी मी आईचे धोंडे चुन्यानं रंगवताना या दगडाकडं बघून जळत आले. माझ्या बापानं भावाला एवढं दिलं, आणि बायकोला धोंडे.

अण्णांचा धरून दहा दगड झाले. आबांच्यापाशी आल्यावर शैलाक्का म्हणाली, "याचा फोटो माझ्याकडे आहे. चल, ऊन चढलं."

"खालची ओळ दिसत न्हाय त्यात. पुसतो की मी."

"राहू दे म्हटलं ना."

मला राहू दे म्हटलं की राहवत नाही. वचनावर सावली होती म्हणून ऊन पाडायला माझा हातातला आरसा काढला. तिथं लिंबाच्या मुळीनं चौथऱ्याचा कोपरा उचकटलाय, सिमेंट गळलंय, माती आत खचलीय. त्या फटीत आरसा टेकवला तर तो घसरला, आणि उजेड दगडाच्या खालच्या अंगाला पडला. आरशात बघते तर खालच्या अंगाला कोरीव रेघा.

दगडाची पोटाची बाजू कुणी कोरत नाही. ती मातीत जाते.

आरशात अक्षरं उलटी. मला सुलटी वाचायला वेळ लागतो, तिथं उलटी कुठली वाचणार. मी पदर खोचला, मातीत पालथी पडले आणि हात आत घातला.

"ए सुमन, हात काढ! इंगळी असंल आत!" दानियलमामा ओरडले.

आधी कणीस लागलं. मग वर सरकले. बोट काना चढलं, उतरलं. अण्णांचा 'स' मी झोपेतही ओळखीन, त्याची गाठ ते नेहमी जरा जास्त खोल घ्यायचे. सा. मग रा. मग बाई. त्याखाली माझ्या अण्णांचं नाव, 'यांची पत्नी'. चीर कुठंच नव्हती. मी पुन्हा पुन्हा हात फिरवला. दगड अखंड होता.

मी उठून बसले तेव्हा शैलाक्का गाडीची किल्ली शोधत होती, आणि किल्ली तिच्या हातातच होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिनं किल्ली पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "आई सांगायची. पप्पा अचानक गेले. मुंबईची मंडळी येणार, पाळक येणार, आणि थडगं उघडं. दुसरा दगड मिळेना. काकांनीच उलटवला तो. कुणी जबरदस्ती नाही केली."

"मागितला तर असंल की कुनी?"

"आईनं मागितला."

दानियलमामा मधेच म्हणाले, "थोरल्याचा मान असतोय गं. तुझा बा दोन दिस हितंच बसून कोरत हुता. जेवला न्हाई."

आता कळलं अण्णा नवा दगड का आणत नव्हते. एकदा कोरलेलं नाव परत कसं कोरायचं? ते इथंच होतं. आणि मला सांगितलं, फुटला. मला माझ्या बापाचा राग आला, आणि त्याच दमात हेवासुद्धा, की त्याला एवढी वर्षं ठाऊक होतं आई कुठं लिहिलीय, आणि मला नव्हतं.

मी म्हटलं, "शैलाक्का, तुझा नियम काय? दगडावर कोरलंय ते यादीत. कोरलंय. भर."

"दिसत कुठे आहे? फोटो कसा काढायचा?"

"दगड उचलून."

"पप्पांचं थडगं उकरायचं? विटंबना आहे ती सुमन."

"आणि माझी आई तोंड मातीत घालून पडलीय ती?"

ती गाडीत बसली, दार उघडं ठेवून थांबली. मी बसले नाही. दानियलमामांना विचारलं, दगड उचलायला काय लागतं. ते म्हणाले, "दोन मानसं, एक पहार. मोडायचा न्हाय काय. आडवा हाय तो हुबा करायचा डोक्याशी. फुडनं आबा, मागनं तुझी आई." एवढ्या साध्या गोष्टीला बँकेतली अक्कल लागत नाही.

परत एसटीनं आले, अर्ध्या तिकिटात. शेजारची बाई बाजारातनं मेथी घेऊन निघालेली, माझी नखं बघून म्हणाली, "शेतात भांगलाय गेलतीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय." घरी आल्यावर सुनेनं नखातली माती काढायला लिंबू दिलं. मी दोन दिवस काढली नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर यादी आली. अठरा नावं, अठरा फोटो. आबांचा फोटो सगळ्यात वर, आईचं नाव कुठंच नाही. त्याखाली ते गुच्छ आणि अंगठे.

तुम्ही तुमची माणसं शोधायला निघणार असाल तर जरूर जा, पण नुसते फोटो काढू नका. दगडाला हात लावा. कडेनं, खालनं, मागनं बघा. आणि सोबत कुणाला न्यायचं ते चार वेळा विचार करून ठरवा. रांगोळी अर्धा किलो उरलीय माझ्याकडं. पाटीलकाकू परत घेत नाहीत.

शैलाक्का, तू हे वाचतेस, मला ठाऊक आहे. आबांचं नाव मला पुसायचं नाही. वेलबुट्टी तुझी, पुढली बाजू तुझी, मुंबईच्या पाहुण्यांचा मानही तुझा. मला मागली बाजू पाहिजे, उजेडात, आणि तुझ्या यादीत एकोणिसावी ओळ. पाळकांशी मी बोललेय, ते म्हणाले, थोरल्या घराची हरकत नसावी, एवढंच. थोरलं घर आता तू एकटी आहेस. दगड हुबा करायचा का नाही, ते फोनवर नको, ग्रुपवर लिही, सगळ्यांना दिसेल असं. येत्या रविवारी उपासना सुटायच्या आत. व्हय का न्हाय?