फिरतं दार

आमच्या इमारतीत घरं बरीच होती आणि दार एकच होतं. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पूर्वी हसवायलाच सांगायचे.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नव्वदच्या आसपास कंपनीने कामगारांना स्वतःच्या घरासाठी मदत द्यायला सुरुवात केली. थोडी मदत, बाकीचं कमी व्याजाचं कर्ज, ते पगारातून कापून घेणार. पैसे थेट बिल्डरला, तेही टप्प्याटप्प्याने. जोतं झालं की काही, स्लॅब पडला की काही, आणि सगळ्यात मोठा हप्ता ताबा मिळाल्यावर. त्यासाठी कंपनीचे वेल्फेअरचे साहेब स्वतः येऊन बघणार. घराला दार आहे, चूल पेटली आहे, माणसं राहायला आली आहेत, मगच सही. योजना चांगली होती. आजही मी तिला नावं ठेवत नाही.

बाबांच्या खात्यातल्या सगळ्यांनी मिळून बदलापुरात, खरवईच्या बाजूला, एकाच इमारतीत घरं घ्यायचं ठरवलं. त्याआधी उल्हासनगरचा एक सिंधी बिल्डर बघून झाला होता. तो प्रत्येक गोष्ट कागदावर मागायचा आणि चहासुद्धा विचारायचा नाही. "त्यापेक्षा आपला माणूस बरा," असं सगळ्यांचं मत पडलं. आपला माणूस म्हणजे बदलापूरचाच, जमीन वाडवडिलांची. "जमीन सोडून तो पळणार कुठे?" बाबा म्हणाले. ते अगदी खरं ठरलं. तो कुठेही पळाला नाही.

भिंती उभ्या राहिल्या आणि काम अडलं. दारं, खिडक्या, लाद्या, जिन्याचा कठडा, सगळं बाकी. हप्ता आल्याशिवाय काम पुढे जाईना, आणि काम पुढे गेल्याशिवाय हप्ता येईना. मग बिल्डरनेच तोड काढली.

"भाऊ, सायबाला काय पायजे? दार लागलेला पायजे, चूल पेटलेली पायजे. वास्तुशांत उरकून घ्या, त्यांना जेवायला बोलवा. बाकी मी हाय ना!"

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून त्याने एक दार आणलं. सागवानी रंगाचं, पितळी कडीचं. त्याच्या सुताराने त्याला अशा बिजागऱ्या बसवल्या की दार वर उचललं की सुटून हातात यायचं. चौकटी सगळ्या एकाच मापाच्या होत्या. ज्या घरी साहेब येणार, तिथे आदल्या दिवशी दार लागायचं, पुढच्या खोलीत सुट्ट्या लाद्या मांडल्या जायच्या, वर तोरण. साहेब जेवून, सही करून गेले की दार आणि लाद्या पुढच्या घरी.

आईला हे पटलं नव्हतं. "अहो, खोट्या घरात दूध उतू घालू नये," ती म्हणाली.

बाबा उखडले. "खोटं काय त्यात? दोन महिन्यांनी होणारच आहे ना सगळं? सगळे करतायत. मी एकटाच शहाणा का?"

आमची पाळी आली. बाबांनी ताबा मिळाल्याचं लिहून दिलं, स्टोव्हवर दूध उतू गेलं, पुरावा म्हणून फोटो निघाला. फोटोत आई पदर सावरून पातेल्याकडे बघते आहे आणि मागे ते दार आहे. साहेबांनी दारावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मजबूत आहे हो." हेच दार त्यांनी आमच्या आधी कितीतरी घरी बघितलं होतं. त्यांना कळलं नसेल? मला वाटतं कळलं होतं, आणि त्यांना आमची दया आली होती. त्या दयेनेच आमचं वाटोळं झालं.

दार न्यायला माणसं आली तेव्हा आईने माझी नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. दाराच्या आतल्या अंगाला, खाली बिजागरीपाशी, तिने एक छोटं स्वस्तिक काढलं. "परत आलं की ओळखू यावं," ती म्हणाली.

ते परत आलं नाही. शेवटची पाळी चौथ्या मजल्यावरच्या काकांची होती. ते बाबांच्या शेजारच्याच मशीनवर असायचे. दार त्यांच्याकडेच राहिलं, कारण सगळ्यांचे हप्ते बिल्डरला पोचले आणि त्यानंतर तिथे एक खिळासुद्धा ठोकला गेला नाही. भावाभावांत जमिनीचा दावा लागलाय, असं तो सांगायचा. बाजारात, देवळात रोज भेटायचा. हात जोडायचा. "होईल भाऊ, होईल."

मग कारखान्याला टाळं लागलं. क्वार्टर खाली करायची नोटीस आली. बाबा आणि काका उल्हासनगरला एका वकिलाकडे गेले. त्याने कागद बघितले, फोटो बघितला. "ताबा मिळाला म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. इथे दूध उतू जातंय. कोर्टात काय सांगू, दूध खोटं होतं?" त्या सिंधी बिल्डरकडे गेलेली दुसऱ्या खात्यांतली माणसं एव्हाना आपापल्या घरात राहत होती. त्यांच्या जिन्याला कठडेही होते.

आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात राहायला गेलो. दाराच्या जागी बाबांनी पत्रा उभा केला. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी हळूहळू दारं घेतली. बाबा उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात माल बांधायला जायचे. त्या पगारात दार बसत नव्हतं. एकदा ते चौथ्या मजल्यावर गेले आणि म्हणाले, ते दार सगळ्यांचं आहे. काका म्हणाले, "ज्याच्याकडे राहिलं त्याचं. माझ्या घरात दोन मुली आहेत." "माझ्याही घरात आहे," बाबा म्हणाले. एका डब्यातलं खाल्लेली ही माणसं, त्यानंतर जिन्यात भेटली तरी माना वळवायची. मला दोघांचाही राग यायचा. बिल्डरच्या अंगावर जायची कोणाची छाती नव्हती, आणि एका फळीसाठी भांडत होते.

दिवसा उजेड हवा म्हणून पत्रा बाजूला असायचा. जिन्यावरून जाणाऱ्याची नजर थेट आमच्या चुलीपर्यंत यायची. आई त्या घरात कधी मोठ्याने बोलली नाही, भांडली नाही, रडली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दार नसलेल्या घरात कसलं रडायचं. सगळा जिना ऐकतो."

एका सकाळी बाबा कामावर निघाले, पत्रा उचलायला वाकले आणि तिथेच कोसळले. पत्र्याचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला. माणसं धावली. खुर्चीत बसवलं तर मान पडायला लागली, आणि खाट त्या अरुंद जिन्यात वळेना. तेव्हा वरून काकांचा आवाज आला, "थांबा, मी आणतो!" त्यांनी आपलं दार बिजागऱ्यांवरून उचललं आणि डोक्यावर घेऊन खाली आले. बाबांना त्यावर निजवलं, चादरीने बांधलं, आणि कठडा नसलेल्या जिन्यावरून भिंतीला खेटत चौघांनी खाली नेलं. आई मागून उतरत होती. बाबांच्या पायाशी, दाराच्या कोपऱ्यात, तिचं स्वस्तिक होतं. टेम्पो उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात पोचला तेव्हा बाबा गेलेले होते.

स्मशानातून माणसं परतली. काका दार घेऊन आले, कोणाला न विचारता त्यांनी पत्रा बाजूला केला आणि दार आमच्या चौकटीवर चढवलं.

"काका, तुमच्या घरी?" मी विचारलं.

"आम्ही पत्रा लावू," ते म्हणाले, आणि पत्रा उचलून वर गेले.

जमलेल्या बायका एकेक करून उठल्या. शेवटची गेल्यावर आईने दार लोटलं, पितळी कडी लावली, नीट बसली का ते ओढून बघितलं. मग ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि मोठ्याने रडली.