साक्षीदाराचा रकाना

दुकानदारांनी त्यांना काटेसाहेब नाव ठेवलं होतं. खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतली वजनं-मापं तपासली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एका किलोवरही शिक्का मारला नाही. निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. टेबल चौघांचं, जेवणारा एक, त्यामुळे नकाशाला जागा भरपूर. पक्षी पाहायची सहल: अकरा दिवस, सतराशे किलोमीटर, तीन पाणथळ जागा आणि शेवटी एक खाडी. लॉजचा खर्च नको म्हणून जुन्या गाडीची मागची सीट काढून फळी टाकली होती. झोपून पाहिलं तर पाय दाराबाहेर! मग तिरकं झोपायचं ठरलं. स्टोव्ह, बटाटे, अंडी, सगळं यादीत चढलं. पक्षी महिनाअखेर उडून जाणार, म्हणजे निघायला जेमतेम आठ दिवस. घोडं एकाच जागी पेंड खात होतं. सोबत कुणी नव्हतं.

बरं, सोबत नुसती गप्पांसाठी नको होती. पक्षी पाहणाऱ्यांच्या मंडळाचा नियमच होता, की फोटो नसेल तर दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीपुढे दुसऱ्या माणसाची सही हवी, 'साक्षीदार' या रकान्यात. नाहीतर नोंद बाद. कॅमेरा घ्यावा तर पेट्रोलचे पैसे त्यातच जाणार. आणि हा नियम सुचवला होता कुणी? याच महाशयांनी!

खालच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, अकरा दिवस दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाइकांच्या दाढ्या काय तुमचे पक्षी करणार?" मुलीला फोन केला. "एकटे कुठे फिरता बाबा? त्यापेक्षा इकडे या ना," ती म्हणाली, पण कधी या ते सांगायच्या आत तिला दुसरा फोन आला. मंडळातल्यांनीही हात वर केले. काटेसाहेब चिमणीकडेसुद्धा ओळखपत्र मागतील, असं ते आपसात म्हणत. हे साहेबांच्या कानावर आलं होतं. लागलं त्यांना, चांगलंच लागलं.

आणि काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? थोरला भाऊ होता की! दादा बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून पक्षी पाहायला जायचे. वही दोघांत एकच. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने सही. वीस वर्षं असं चाललं. मग एका सकाळी दादाला लव्हाळ्यात काळा करकोचा दिसला. साहेब तेव्हा मान खाली घालून थर्मासमधला चहा ओतत होते. वर पाहिलं तोवर नुसती लव्हाळी हलत होती.

"कर सही," दादाने वही पुढे केली.

"मी पाहिला नाही."

"अरे, मी पाहिला ना! माझ्या शब्दावर कर."

"न पाहिलेल्या गोष्टीवर मी शिक्का मारत नाही."

दादाने वही त्यांच्या मांडीवर टाकली. परतीच्या वाटेवर दोघं बोलले नाहीत, आणि पुढे बारा वर्षं बोलणं राहूनच गेलं.

दोन दिवस फोनभोवती घुटमळून अखेर साहेबांनी नंबर लावला. वहिनींनी उचलला. "भावजी?" म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचे डोळे गेले हो. दोन वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. तुम्हाला कळवू म्हटलं, तर नको म्हणाले."

तेवढ्यात फोनवर दादाच आला. "काय रे, काय हवंय?"

खोटं बोलणं साहेबांना कधी जमलंच नाही. सहल सांगितली, साक्षीदार हवा होता तेही सांगितलं. सांगताना स्वतःचीच लाज वाटली.

दादा हसला. "मी येऊन काय पाहणार, कपाळ? तू एकटा जाऊन ये. काय काय दिसलं ते येऊन सांग. पेन कागदावर टेकवून दिलंस की सही जमते मला."

"पण दादा, तू न पाहताच..."

"तुझ्या शब्दावर करतो रे. एवढं काय त्यात!"

फोन ठेवला आणि साहेब रडले. घरात विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बराच वेळ रडले. मग वही काढली. बारा वर्षांपूर्वीचं पान: काळा करकोचा, एक, सकाळी सात वीस. पुढचा रकाना कोरा. साहेबांनी त्यात सही केली. खाली तारीख मात्र आजचीच टाकली.

नंतर नकाशा पुढे ओढला. दादाचं गाव नेमकं उलट्या दिशेला, तिथून परत फिरायचं म्हणजे पेट्रोलचं गणित कोलमडणार. त्यांनी खाडीवर काट मारली आणि पहिल्या दिवसापुढे दादाचं गाव लिहिलं. पक्षी नंतर. सही तर झाली होती, पण दादाला ती दिसणार नव्हती. जाऊन सांगावी लागणार होती.