आकडेबुवांचे पाय

वीज कंपनीच्या ऑफिसात त्यांना सगळे आकडेबुवा म्हणत. काम मीटर वाचायचं. सव्वीस वर्षं तेच एक काम: जिन्याखालच्या कोनाड्यात वाकायचं, टॉर्च मारायचा, काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. मागच्या महिन्याचं रीडिंग ते वही न उघडता सांगत, म्हणून हे नाव पडलं. लग्न 'बघू, बघू' करता करता राहून गेलं आणि पन्नाशी कधी उलटली ते कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. एक कॉट, एक स्टो, खिडकीशी रेडिओ. शेजाऱ्यांशी बोलणं 'पाणी आलं का' एवढंच. त्यांची काही तक्रार नव्हती. दिवसभर पायांना उसंत नसली की माणसाला फारसा विचार सुचत नाही.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ते एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आकडा टिपून वळले, आणि उजवा पाय जागचा हलेना. मुंग्या आल्या असतील म्हणून झटकायला गेले, तर गुडघा लटलटायला लागला. पाठोपाठ दुसराही. भिंतीचा आधार घेतला, पण भिंत गुळगुळीत. ते खाली बसले म्हणण्यापेक्षा कोसळलेच. समोरचं दार किलकिलं झालं, एका बाईंनी डोकावलं, नाक मुरडलं.

"सकाळी सकाळी ढोसून येतात मेले," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

आकडेबुवांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पाऊण तासाने वॉचमन वर आला तेव्हा ते वही छातीशी धरून तसेच बसलेले होते.

हॉस्पिटलात नऊ दिवस गेले. नळकांड्यात घालून मेंदूचे फोटो झाले, पाठीतून पाणी काढून झालं, पायांना सुया टोचून विजेचे बारीक झटके देऊन झाले.

"जन्मभर मी वीज मोजली, आता वीज मला मोजतेय," ते नर्सला म्हणाले. ती घाईत होती, तिने ऐकलं नाही.

रिपोर्ट एकामागून एक येत गेले, सगळे नॉर्मल. दर रिपोर्टाला डॉक्टरांचा चेहरा खुलायचा आणि आकडेबुवांचा पडायचा. काहीतरी सापडू दे, कसलाही गंभीर आजार का असेना, पण सापडू दे, असं त्यांना वाटायला लागलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

शेवटी एक तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका. जा घरी."

"मग मला उभं का राहता येत नाही?"

डॉक्टरने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

थोरल्या भावाने, दादाने, त्यांना आपल्या घरी नेलं. वहिनीने मधल्या खोलीत गादी घालून दिली, वेळच्या वेळी ताट आणून दिलं. बोट ठेवायला जागा नव्हती. पण पाचव्या आठवड्यात एका दुपारी, ते झोपलेत असं समजून, वहिनी स्वयंपाकघरात म्हणाली, "रिपोर्टात काही नाही, डॉक्टर म्हणतात काही नाही. मग हे आहे तरी काय? आपण किती दिवस करायचं?"

"हळू बोल," दादा म्हणाला.

आकडेबुवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दादा 'असं बोलू नकोस' म्हणाला नव्हता. 'हळू बोल' म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय काढला, "मला माझ्या खोलीवर सोड." दादाने दोनदा 'कशाला रे' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

दोघा हमालांनी खुर्चीत बसवून त्यांना तिसऱ्या मजल्यावर चढवलं. दारात जेवणाचा डबा यायचा. कॉटपासून बाथरूमपर्यंत अकरा फरश्या होत्या. त्या ते बसून, हातांनी शरीर पुढे ढकलत पार करत. एकदा बाहेर पॅसेजमध्ये ओळखीचा आवाज आला. मीटरच्या पेटीचं झाकण कुरकुरलं, टॉर्चची कळ वाजली. त्यांच्या जागी नेमलेला नवा माणूस असणार. हाक मारावी, दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय? झाकण बंद झालं आणि पावलं जिना उतरून गेली. ती पावलं ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

सगळ्यात वाईट होतं ते स्वतःवरचा विश्वास उडणं. आपणच तर सोंग करत नाही ना, आपल्याला न कळता? स्वतःला पकडण्यासाठी ते पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवत आणि तहान लागू देत. पाय हलले नाहीत. तहान मात्र खरी होती.

दुखणं सुरू झाल्यापासून चार महिन्यांनी ऑफिसने पुन्हा तपासणीला पाठवलं. या वेळी मोठ्या हॉस्पिटलातल्या वयस्क डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी फायली बाजूला ठेवल्या आणि अर्धा तास नुसते पायच पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "नसा तुटलेल्या नाहीत. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नीट पोचत नाहीये. का, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही."

"म्हणजे मी नाटक करतोय?"

"नाटक करणारे मला ओळखता येतात. हा आजार आहे, खराखुरा. आणि बरा होऊ शकतो. खात्री देत नाही, पण होऊ शकतो."

आकडेबुवांना हुंदका फुटला. बाईंनी पंख्याकडे पाहत त्यांना हवा तेवढा वेळ रडू दिलं.

व्यायामासाठी त्यांना एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे सोपवलं. पहिले तीन आठवडे काही साधेना. दोन समांतर दांड्यांमध्ये ते घामाघूम होऊन उभे राहत; पाऊल पुढे टाकायचं म्हटलं की गुडघे लटलटत. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "राहू द्या आज काका, मागे खुर्ची आहे, बसा." ते मागे सरकले. खुर्ची वाटली त्यापेक्षा लांब होती. चार पावलं टाकून ते बसले.

मुलगी बघतच राहिली. "काका, आत्ता काय केलंत?"

"बसलो. तूच म्हणालीस ना?"

"चार पावलं टाकलीत! उलटी!"

पुन्हा करून पाहिलं. पुढे जाताना पाय खिळलेले, मागे जाताना मोकळे, जसे काही दुसऱ्याच कुणाचे. "मेंदूला पुढे जायची वाट सापडत नाहीये," ती म्हणाली, "मागची वाट शाबूत आहे. तिथूनच सुरुवात करू."

"माघार घेण्यात मी पहिल्यापासून पटाईत," आकडेबुवा म्हणाले. पाच महिन्यांत ते पहिल्यांदा हसले.

मग रोज सकाळी पॅसेजमध्ये त्यांचा उलटा प्रवास सुरू झाला. टोकाच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी दोन दिवस दारातून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "पैज लावलीय का कुणाशी?"

आकडेबुवांनी सगळं सांगितलं. विश्वास ठेवा न ठेवा, असंही वर म्हणाले. बाईंनी त्यांच्या मागे वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "मागे माझी कुंडी आहे. आपटाल. डावीकडे घ्या." त्या दिवसापासून त्या दारात पेपर घेऊन बसत आणि मान वर न करता "डावीकडे", "भिंत आली" असं सांगत. याहून जास्त बोलणं कधी झालं नाही.

उलट्यावरून आडवं, आडव्यावरून तिरकं. पायांकडे लक्ष गेलं की गाडी अडायची. म्हणून मुलीने सांगितलं, मन दुसरीकडे ठेवा. ते जुनी रीडिंग मोठ्याने म्हणत चालू लागले. मध्ये दादा येऊन गेला. भाऊ झपझप मागे चालतोय हे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मागे येतं आणि पुढे येत नाही? हे कसलं दुखणं? मनावर घे जरा."

आकडेबुवा खोलीत जाऊन कॉटवर बसले. पुढे आठवडाभर ते पॅसेजमध्ये आलेच नाहीत. आठव्या दिवशी शिक्षिकाबाईंनी दार ठोठावलं. "बरं नाही का?" एवढंच विचारलं. आकडेबुवांनी चपला घातल्या.

हळूहळू तिरकं सरळ झालं, आणि सव्वा वर्षाने ते कामावर गेले, एकटे आणि पायी. मीटरचं काम सुटलं; आता तक्रारींच्या खिडकीत बसायचं होतं. पहिल्या दिवशी ते ऑफिसपर्यंत चालत गेले आणि वाटेत कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चालणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. ती मुलगी नोकरी सोडून दुसरीकडे गेली होती.

संध्याकाळी ते दादाकडे गेले. "बघ," दादा आनंदाने म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? मनावर घेतलंस आणि झालं!" वहिनीने चहा ठेवला, तिचे डोळे खरोखर भरून आले होते. आकडेबुवांनी काही खोडून काढलं नाही. चहा प्यायले आणि निघाले.

चौकात सिग्नलला गर्दी होती. दिवा हिरवा झाला, लोक निघाले आणि यांचा उजवा पाय अडला. मागून कुणी खांदा मारला, कुणी "चला हो" म्हणालं. क्षणभर डोळे मिटून त्यांनी श्वास सोडला, अंग आडवं केलं आणि खेकड्यासारखे एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर ते सरळ झाले, शर्ट नीट केला आणि घराच्या दिशेने चालू लागले.