विहिरीची अर्धी गोष्ट

माझ्या लेकीला जेवताना गोष्ट लागायची. राजा-राणी तिला पाचव्या वर्षीच पोरकट वाटायला लागले, आणि माझ्याकडे स्वतःच्या लहानपणाशिवाय सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. म्हणून मी तेच सांगत गेले. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला, आई घरी ब्लाउज शिवायची. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि बाहेर पडायचं. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत घरात कुणी विचारायचं नाही. वडिलांची सायकल उंच होती, सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत. मग दांड्याखालून पाय घालून, कैची मारत मी सगळी पेठ पालथी घालायची. आणि मे महिन्याची सुट्टी लागली की तशीच कैची मारत थेट शहराबाहेर, गडमुडशिंगी गावाला आत्याकडे जायची. एकटी.

आत्याची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आत्याच्या मळ्यात एक विहीर होती, दगडी, पायऱ्यांची. आम्ही दोघी पाठीला पत्र्याचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकलो. डबा आपल्याला बुडू देत नाही, पाय मारत राहायचं, एवढंच शिक्षण. वरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायचा, पाणी काठापर्यंत उडायचं. हे सांगताना माझे हात हलायचे, आवाज चढायचा. लेक घास तोंडात धरून ऐकत बसायची.

तिचं स्वतःचं आयुष्य वेगळं. आम्ही राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर राहतो. शाळेची व्हॅन दारात येते. क्लासला मी स्कूटीवरून सोडते आणि आणते. वाढदिवसाला घेतलेली सायकल पार्किंगमध्ये गोल गोल फिरते. तिच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते ती कुठे आहे हे माझ्या फोनवर दाखवतं. ऑफिसात फायली बघता बघता मी दिवसातून दहा-पंधरा वेळा तो निळा ठिपका बघायची. ठिपका शाळेतच असायचा, तरी बघायची. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी येतं, अमुक ठिकाणी मुलं पळवणारी टोळी आली, तमुक ठिकाणी गाडीत कोंडून नेलं. खरं की खोटं कुणी बघत नाही. सगळ्या पुढे पाठवतात, मीही पाठवायची. आणि जेवायला बसलं की त्याच तोंडानं लेकीला म्हणायची, आमच्या लहानपणाची तुमच्या लहानपणाला सर नाही बाई.

मागच्या मे महिन्यातला शनिवार होता. मी अडीचच्या सुमारास ऑफिसातून घरी आले. नवरा कंपनीत होता, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. लेक कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, खाली मैत्रिणीकडे जाते म्हणाली. मी हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं. मग सवयीनं फोन काढून ठिपका बघितला. ठिपका घरात होता. तिच्या खोलीत गेले तर घड्याळ टेबलावर चार्जिंगला लावलेलं.

मैत्रिणीच्या घरी ती गेलीच नव्हती. गच्चीवर नव्हती. पार्किंगमध्ये सायकल नव्हती. वॉचमन खुर्चीत पेंगत होता. त्याला हलवून विचारलं, तर तो म्हणाला, एकच्या आसपास गेली की, डोक्यावर टोपी होती, पाण्याची बाटली होती. मी विचारलं, जाऊ कसं दिलंत? तो म्हणाला, आईला सांगून आलेय म्हणाली. मग जरा आठवून म्हणाला, "उचगावला कुठनं जायचं असं इचारत होती. मी म्हटलं टेंबलाईवरनं सरळ."

उचगावच्या पुढे गडमुडशिंगी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या अंगावर काटा उभा होता.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मी शिरोलीतून निघतो, हायवेनं उचगावला येतो, तू पोलिसांत कळव. मी हो म्हटलं. पण पोलिसांऐवजी मी फोन लावला तो माझ्या आतेबहिणीला. ती हुपरीला दिलेली आहे. आम्ही दोघी पन्नाशीकडे आलो तरी एकमेकींशी कोल्हापुरातल्या पोरींसारखंच, "मी येतो, मी जातो" असंच बोलतो. तिला सांगितलं, पोरगी सायकल घेऊन गेलीय, बहुतेक मळ्याकडे.

तिनं विचारलं, "तिला हिरीचं सांगितलंयस काय?"

"सांगितलंय."

"सगळं?"

मी पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

"न्हाई सांगितलंस," ती म्हणाली. "मी वहिनीला फोन लावतो. तू नीघ." वहिनी म्हणजे आत्याची सून; मळ्यातल्या घरात आता तीच राहते.

ते सगळं काय होतं, ते आता सांगायला हवं. मी अकरा वर्षांची होते, म्हणजे लेकीच्याच वयाची. चार दिवस डब्यावर तरंगून मला वाटायला लागलं होतं की आपल्याला येतं. त्या दुपारी आत्या झोपली होती. आम्ही दोघीच मळ्यात गेलो. बहीण म्हणाली, डबा बांध. मी बांधला नाही. काठावरून मुटका मारला. आधी पाणी हिरवं दिसलं, मग काळं. कानात शीळ वाजायला लागली. एकदा वर आले तेव्हा बहिणीचं तोंड दिसलं आणि माझ्या तोंडात पाणी गेलं. ती तशीच उडी टाकून आत आली, तिनंही डबा बांधला नव्हता. मी तिच्या गळ्यात पडले. दोघी खाली गेलो. वर यायला काहीतरी आधार हवा होता. तो मला मिळाला. मी तिच्या खांद्यावर पाय दिला आणि रेटून वर आले. मी श्वास घेतला आणि ती खाली गेली.

शेजारच्या मळ्यात एक माणूस मोटर चालू करायला आला होता. त्यानं माझं ओरडणं ऐकलं. त्यानं मला चऱ्हाट टाकलं आणि बहिणीसाठी स्वतः आत उतरला. तिला पालथी घालून पाठ दाबली, तेव्हा तिच्या तोंडानाकातून पाणी आलं आणि मग रडणं आलं. त्यानं आम्हा दोघींना एकेक थोबाडीत दिली आणि पुन्हा इथे दिसलात तर आत्याला सांगेन म्हणाला. त्यानं कधी सांगितलं नाही. आम्हीही नाही. बहीण त्यानंतर पाण्यात उतरली नाही, अगदी रंकाळ्यावर गेलो तरी कठड्यापासून चार हात लांब उभी राहायची. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. मी घरी परत आले तेव्हा आईनं विचारलं, मजा केलीस का? मी म्हटलं, केली. आणि तीच मजा मी माझ्या पोरीला वर्षानुवर्षं घासाघासाला भरवत आले होते.

स्कूटी टेंबलाईच्या पुलावरून घेतली. प्रत्येक सायकल तिचीच वाटत होती. उसाचा रिकामा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या हिसडत पुढे गेला, त्याच्या मागून ट्रक, मग एसटी. या रस्त्याला सायकलनं जायला जागाच नव्हती. मी या रस्त्यानं कैची मारत गेले होते हे मला तेव्हा खोटं वाटलं. उचगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं घोळका करून उभी दिसली. जवळ जाऊन बघितलं तर कलिंगडाची गाडी होती.

हायवेच्या पुलाखाली पोचले आणि पर्समधला फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. फोन बाहेर काढला, पण उचलवेना. स्क्रीनवर वहिनीचं नाव होतं, म्हणजे जे काही असेल ते कळणार होतं. जोवर उचलत नव्हते तोवर लेक जिवंत होती. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. शेजारी पंक्चरवाला बसला होता, तो म्हणाला, "ताई, घ्या की फोन."

वहिनी म्हणाली, "पोरगी हितं हाय. काय झालेलं न्हाई. सावकाश या."

मी तिथेच पुलाच्या खांबाला टेकून खाली बसले. पंक्चरवाल्यानं काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. नवरा दहा मिनिटांत तिथे पोचला, तोवर मी बसलेलीच होते.

मळ्यात पोचलो तेव्हा लेक वहिनीच्या ओसरीवर ताक पीत बसली होती. उन्हानं तोंड लालबुंद, हाताला चेनचं काळं ग्रीस. वहिनीनं मला आत बोलावून हळूच सांगितलं. नदीवरून पाइपलाइन आल्यापासून विहीर कुणी वापरत नाही. कठड्याचे दगड ढासळलेत, वर शेवाळ आहे. वहिनी पळत गेली तेव्हा लेक चपला काठावर काढून तिसऱ्या पायरीवर उभी होती आणि एका हातानं पाणी किती गार आहे ते बघायला वाकली होती. खालच्या पायऱ्या आता नाहीतच. वहिनी ओरडली नाही. ओरडले असते तर पोर दचकून पाण्यात गेली असती, असं तीच म्हणाली. तिनं वरूनच नुसतं विचारलं, "ताक पिणार काय गं?" लेक वळली आणि वर आली.

हे ऐकून मी बाहेर आले आणि लेकीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तूच तर सांगितलंस ना, तू पण एकटीच यायचीस."

तेवढ्यात बहीण तिच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवरून येऊन उतरली होती. ती ओसरीच्या पायरीवर बसली. मग मी लेकीला जवळ घेतलं आणि उरलेली गोष्ट सांगितली. डबा न बांधल्याचं सांगितलं, काळ्या पाण्याचं सांगितलं. खांद्यावर पाय दिल्याचं सांगताना मला बहिणीकडे बघवेना. माझ्या नवऱ्यानंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

बहीण पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "मला ठावं होतं की. खांदा चार दिस दुखत होता."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "अगं, ल्हान होतीस तू." ती स्वतः तेव्हा तेरा वर्षांची होती. ते मी तिला म्हटलं नाही.

लेकीनं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं, तिथे नुसती मजाच असते."

घरी परतताना सायकल नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत होती, आणि लेक माझ्या मागे स्कूटीवर. वाटेत ती हळूहळू बोलायला लागली. चेन पडली तेव्हा तिनं ती स्वतः बसवली होती. उचगावात एका आजींनी तिला सावलीत बसवून पाणी दिलं होतं. एक ट्रक फार जवळून गेला तेव्हा तिनं डोळे मिटले होते. हे शेवटचं ऐकून मी स्कूटीचा वेग कमी केला. पण तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. तो आवाज मी तीस-पस्तीस वर्षांत स्वतःच्या तोंडून ऐकला नव्हता.

नवऱ्यानं सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मलाही तेच हवं होतं. आठवडाभर लेक खाली उतरली नाही. क्लास आणि खोली. जेवताना गोष्ट सांग म्हणाली नाही. तिचा निळा ठिपका जिथे असायला हवा तिथेच असायचा आणि तो बघून मला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं. जूनमध्ये मीच नवऱ्याकडून किल्ली मागून घेतली. आमचं भांडण झालं. तो म्हणाला, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. असं म्हणताना मला स्वतःचा आवाज पोकळ वाटला, कारण त्या जबाबदारीचा अर्थ मला पुलाखाली कळला होता.

आता ती सकाळी माझ्याबरोबर पोहायच्या तलावावर येते. शिकवणाऱ्या बाई कडक आहेत, त्या तिला दोन हात दूर जाऊ देत नाहीत. मी काठावर बसते आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं की मनात आकडे मोजते. संध्याकाळी क्लासला ती सायकलनं जाते. दोन गल्ल्या आणि एक सिग्नल. मी गॅलरीत उभी राहते. ती वळणावर दिसेनाशी होते तेव्हापासून क्लासच्या बाईंचा "आली" असा मेसेज येईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. त्या मिनिटांत मी काहीही करत नाही, गॅसवर काही असेल तर तो बंद करून उभी राहते.

माझी आई अशी उभी राहायची का, हे मी तिला विचारलं नाही, आणि आता ती विचारायला नाही. मला आठवते ती मशीनवर खाली मान घालून शिवत बसलेली. मला वाटायचं, हिचं लक्षच नसतं.

परवा क्लासहून आल्यावर लेकीनं हेल्मेट काढता काढता विचारलं, "हुपरीला मावशीकडे सायकलनं जायला किती वेळ लागेल गं?"

मी म्हटलं, बघू. ती आत गेली. मी अजून बघतेच आहे.