पाझरासाठी उचललेला भंडारा

लांब पायांचा मोठा डास भिंतीवर येऊन बसला, तर तुम्ही काय करता? खोटं बोलू नका. चप्पल उचलता.

अहो, तो डास नसतोच. पुस्तकात त्याला क्रेन फ्लाय म्हणतात, आटपाडीकडच्या एका धनगरवाडीत डासाचा बाप म्हणतात. बाप कसला, त्याला चावताच येत नाही. धरायला गेलं की पाय तुटून तुमच्या चिमटीत राहतो आणि तो बिचारा लंगडत उडून जातो. या किड्यापायी त्या वाडीतल्या स्वप्नालीनं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय.

स्वप्नाली साताऱ्याच्या कॉलेजात याच किड्यांवर संशोधन करते. आई सुलाबाई अजून मेंढरांमागं चालते. थोरला भाऊ बिरदेव ग्रामपंचायतीचा मेंबर. वाडीच्या खालच्या अंगाला, बाभळींच्या बुडाशी एक पाझर आहे. होता. भर उन्हाळ्यात वाडीला टँकर यायचा, तरी तेवढी जागा ओली असायची. तिथल्या शेवाळाखाली स्वप्नालीला अळ्या सापडल्या. मातकट रंगाच्या, चामड्यासारख्या चिवट. शेपटाचं टोक तेवढं चिखलावर काढून श्वास घ्यायच्या, कुजका पाला खाऊन त्याची माती करायच्या. पाचगणीच्या डोंगरात असले किडे ढिगानं आहेत. पण या कोरड्या माळावर, एवढ्याशा ओलीच्या जिवावर ही जात तगली कशी? आणि जात तरी कुठली? अळीवरून नीट सांगता येत नाही. पंख फुटलेला नर लागतो, खरी खूण त्याच्या शेपटाशी असते. गेल्या थंडीत तिला एकच मादी मिळाली, तीही कोळ्याच्या जाळ्यात, निम्मे पाय गळालेली. यंदा नर मिळाला नाही तर सगळी मेहनत अर्धवट.

आणि नेमका यंदाच पंचायतीनं ठराव केला. पोकलेन लावून पाझर खोल करायचा.

“दादा, थंडी सरूस्तोवर थांबा की. माझे नर निघू देत.”

“आई, ऐकलंस का?” बिरदेव खो खो हसला. “हिला स्थळ बघायला नगं आता. चिखलातनंच निघतंय!”

“दात काय काढतोस रं? पोरीचं ऐक,” सुलाबाई करवादली.

स्वप्नालीनं पाचगणीहून डबीत आणलेला एक किडा त्याच्या तळहातावर सोडला. बिरदेव डोळे बारीक करून बघत राहिला. पंखांमागं दोन बारके दांडे होते, ढोल बडवायच्या काठीसारखे, टोकाला गोळा असलेले. “ह्येनं तोल सावरतोय व्हय? लय भारी गड्या,” म्हणाला. हात झटकला नाही. हे ध्यानात ठेवा. त्याला सगळं कळलं होतं.

मग दोघं बिरोबाच्या देवळात गेली आणि बिरदेवनं भंडारा उचलला, म्हणजे देवापुढची हळद हातात घेऊन शपथ घेतली. “थंडी सरूस्तोवर पाझराला पोकलेनची बकेट लागू देणार न्हाई.” भंडारा उचलल्यावर वाडीत कुणी कागद मागत नाही. स्वप्नालीही निश्चिंत मनानं साताऱ्याला गेली. तिथं जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठेवायचे होते, म्हणजे नर मिळाला की लगेच ताडून बघता येईल.

मागं वाडीत ताप आला. किराणा दुकानवाला लालासाहेब, तोही मेंबर. त्यानं चावडीवर तोंड सोडलं, “बिरदेवा, तुझी भण डास पाळतीया आन पोरं आमची फणफणत्यात!” या शहाण्याच्या दुकानामागं जुने टायर पाण्यानं भरून पडलेत, त्यात खऱ्या डासांच्या अळ्या वळवळतात. पण बोट पाझराकडं. बिरदेवनं काय सांगायचं होतं? तळहातावर बसलेल्या किड्याचं सांगायचं होतं. तो गप्प बसला. निवडणूक तोंडावर होती.

स्वप्नाली एसटीतून उतरली, तर बाभळींखाली पोकलेन उभं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. पाझराच्या जागी चौकोनी खड्डा, तळाला गढूळ पाणी. शेवाळ, पाला, चिखल, सगळं उकरून बांधावर उन्हात टाकलेलं. बिरदेवच्या हातात अजून नारळाचं भकल होतं.

“भंडारा उचलला हुतास, दादा.”

“आगं, देवाला ईचारलं की. कौल लावला. उजवं फूल पडलं. देवानं सोडवलं मला.”

“कवा लावलास?”

“परवा.”

“म्हंजी पोकलेन ठरवल्यावर.”

तो खाली बघायला लागला. “लोकांला काय सांगू गं मी?”

“तुला ठाऊक हुतं ते सांगायचं. देवाला ईचारलंस, मला न्हाई ईचारलंस. मला फोन लागत न्हवता व्हय?”

लालासाहेब मागनं म्हणाला, “ताई, किड्यासाठी भावाशी भांडतीस?”

“किड्यासाठी न्हाई, काका. तुमी तुमचे टायर बघा आदी.”

मग तिनं पिशवी खाली टाकली, ओढणी कमरेला बांधली आणि बांधावरचा चिखल हातानं घमेल्यात भरायला लागली. वरचा वाळून भेगाळला होता. आतल्या ओल्या गोळ्यांत काही अळ्या जिवंत होत्या. सुलाबाईनं पोती भिजवून आणली. बिरदेवनंही घागर भरून आणली, तिच्या शेजारी ठेवली. स्वप्नाली उठली, त्या घागरीला वळसा घातला आणि स्वतः पाणी आणलं. आजही त्यानं आणलेलं पाणी ती त्या चिखलाला लागू देत नाही.

तो चिखल आता घरामागं, सावलीत, फुटक्या हौदात आहे. वर मच्छरदाणी. रोज सकाळी ती मच्छरदाणी उचलून बघते. नर अजून निघालेला नाही. खड्ड्याकाठी शेवाळ परत धरलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या शिवारात उन्हाळ्यातही ओली राहणारी एखादी वीतभर जागा असेल. तिच्यासाठी शपथा घेऊ नका, भंडारा तर मुळीच उचलू नका. मशीन येईल त्या दिवशी तेवढं तिथं जाऊन उभे राहा.