बाबूजींचे नऊ नारळ

नरहर पांढरीपांडे यांनी पासष्टाव्या वर्षी एकट्याने दिवसभर सायकल दामटून पोरींसाठी एकोणीस सायकली मिळवल्या, हे वणीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सायकली हातच्या जाणार होत्या आणि त्याला कारण मी होतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी पानठेल्यावर दिसलो की ते जास्तच आठवतं लोकांना. म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट सांगून टाकावं.

मी राजकुमार. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो की तेरवी, माणसाला दोन पट गोरा करून, मागे ढग लावून छापून देणं हा माझा धंदा. नरहरकाका माझे शेजारी. कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं हजेरी घेतली, त्यामुळे सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. भोंगा झाल्यावर पाच मिनिटं सूट. सहाव्या मिनिटाला लाल शाई आणि हाफ डे. बायको आजारी आहे, टायर पंक्चर झालं, नाल्याला पूर आला, कोणी काहीही सांगो, काका चष्म्यावरून बघत एकच शब्द विचारायचे, "पुरावा?"

डंपर चालवणारा हरिसिंग राठोड एकदा अकरा मिनिटं उशिरा आला. "बाबूजी, सकायीच पोरगी झाली," म्हणाला. काकांनी पुरावा मागितला. हरिसिंग डोक्याने गरम माणूस. दहा-बारा दिवसांनी त्याने पोरगी दुपट्यात गुंडाळून आणली आणि सरळ टाइम ऑफिसच्या खिडकीत ठेवली. "हा घ्या तुमचा पुरावा!" काकांनी पोरीकडे पाहिलं, "गोड आहे, नाव काय ठेवताय?" असं विचारलं आणि वर सांगितलं की महिना संपला, रजिस्टर बंद झालं, आता काही होत नाही. हाफ डे तसाच राहिला. पुढे दोघंही रिटायर झाले आणि एकाच लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीत, तीन घरांच्या अंतराने राहायला आले. तेव्हापासून कोणाचंही लग्न असो, पंगतीत हरिसिंग ही गोष्ट सांगतो आणि काका पुढच्या पानावर काय वाढलंय ते बघत बसतात.

आता सायकलींचं. शुभदाकाकू, म्हणजे नरहरकाकांच्या मिसेस, मुकुटबनच्या पुढच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवतात. बसने जाणं, बसने येणं. गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी त्या बेरजा करायला आठवीची ह्या आणि मागच्या वर्षीची हजेरीपत्रकं घरी घेऊन आल्या. काकांना पेपर वाचण्यापेक्षा हजेरी वाचायला आवडते. चहा घेता घेता त्यांनी दोन्ही पत्रकं वाचून काढली आणि म्हणाले,

"शुभदा, ह्या काही मुली फक्त सोमवारी हजर असतात. बाकीचे दिवस गैरहजर. आणि मागच्या वर्षीच्या पत्रकात बघ, अशा मुलींची दिवाळीनंतर नावंच नाहीत."

"उंबरडोहच्या असतील," काकू म्हणाल्या. उंबरडोह म्हणजे जंगलातलं पोड, कोलामांची छोटी वस्ती. "नऊ किलोमीटर चालत येतात. सोमवारी बाजाराला जाणारी गाडी मिळते, बाकी दिवस पाय."

"मग उशिरा आल्या की?"

"गैरहजर लागते. मग घरचे म्हणतात, एवढं चालून गैरहजरच लागते तर कशाला जाता? नियम आहे शाळेचा." काकूंनी बशी उचलली. "तुमच्यासारखाच."

काकांचा अर्धा चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच आकडा बसला, आठवी ते दहावी मिळून एकोणीस मुली, एकोणीस सायकली.

आमच्या लेआउटमध्ये सायकलींना तोटा नाही. प्रत्येक जिन्याखाली एक उभी आहे, टायर बसलेले, वर गोणपाट. पण मागून बघा! "पोराची आठवण आहे हो." "ह्यांनी हौसेनं घेतली होती." दोन महिने काका दारोदार फिरले आणि त्यांना मिळाला एक हवा भरायचा पंप, तोही गळका. हरिसिंगकडे त्याच्या त्या खिडकीतल्या पोरीची, निशिगंधाची, जांभळी सायकल होती, पुढे जाळीची टोपली. पोरगी आता नागपूरला नर्स आहे. तरी हरिसिंग दर रविवारी ती सायकल पुसतो. काका तिथेही गेले.

"बाबूजी," हरिसिंग म्हणाला, "तुमच्या घरापासून टाइम ऑफिस दोन फर्लांग होतं. सायकलवर जाणं काय असते, तुमाले काय मालूम? वर लोकायले सायकली मागून राह्यले!"

काका म्हणाले, "मग मालूम करून घेतो."

पानठेल्यावर वीस माणसांसमोर पैज ठरली. वणीहून निघायचं, मुकुटबन, उंबरडोह, पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी, मारेगाव करत परत वणी. दीडशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एकट्याने, मागे गाडी नाही, मदत नाही. काका वेळेत आले तर एकोणीस सायकली लेआउटमधून काढून द्यायची जबाबदारी हरिसिंगची, पहिली निशिगंधाची. नाही आले तर सायकलीचा विषय पुन्हा काढायचा नाही. काकांनी काय करावं? ते म्हणाले, "लेखी दे."

काकांची सायकल जुनी, काळी, चोवीस इंची, लोखंड असं की उचलताना कंबर धरावी. महिनाभर ते रोज पहाटे मारेगावला जाऊन यायचे. काकू तिळाचे लाडू बांधून द्यायच्या आणि सोबत टोमणाही: "एकतीस वर्षं सगळ्यांना पळवलंत, आता पळा." काका मला एवढंच म्हणाले होते, "राजकुमार, कोणाला सांगू नकोस. गाजावाजा नको."

आता फ्लेक्सवाल्याला असं सांगायचं असतं काय? मला माणूस आवडला होता, काम आवडलं होतं, राहवलं नाही. काकांना काळा गॉगल लावला, मागे उगवता सूर्य टाकला आणि वाटेतल्या नऊ गावांसाठी नऊ फ्लेक्स छापले, माझ्याच खर्चाने. वर मोठ्या अक्षरात 'पोरींच्या शिक्षणासाठी एकला सायकलवीर'. खाली प्रत्येक गावाची आगमनाची वेळ. व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं. मला वाटलं, लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतील, काकांना हुरूप येईल.

अक्कल गहाण ठेवली होती मी. ज्याचा फोटो फ्लेक्सवर आहे आणि वेळही छापली आहे, तो माणूस आपल्या गावातून नुसता निघून जाऊ देईल असं एक तरी गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे काय?

संक्रांतीनंतरच्या रविवारी काका सहाला निघाले. लेआउटच्या गेटवर हरिसिंगने टेबल टाकलं, नवीन रजिस्टर ठेवलं, एक निळा पेन, एक लाल पेन. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो. आठ वाजता मोबाइलवर पहिला फोटो आला. काका, गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ. मी खूश झालो. हरिसिंगला दाखवला. तो म्हणाला, "लय भारी."

दुसरा फोटो. शाल बदललेली, नारळ वेगळा. मागे माइक घेतलेला एक माणूस. तिसऱ्या फोटोत खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर पाहुणे होते. तो मी हरिसिंगला दाखवला नाही. दुपारी काकांचा फोन.

"राजकुमार, किती फ्लेक्स लावलेस?"

"नऊ, काका."

"नऊ," काकांनी धापा टाकत आकडा परत म्हटला.

"काका, थांबू नका न! हात दाखवा अन् निघा."

"पहिल्या गावात तसंच निघणार होतो," ते म्हणाले. "भगवानराव म्हणून ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ सकाळपासून मांडीवर नारळ घेऊन बसले होते. म्हणाले, बाबूजी, हा नारळ वापस घरी नेऊ काय? आता काय बोलायचं? मग प्रास्ताविक झालं. मग सरपंच यायचे होते. मग मी दोन शब्द बोललो. मग आभार."

"मंग नारळ तरी ठेवून द्या कुठं. वजन कायले वाहता?"

"मानाचा नारळ रस्त्यावर टाकू?" काका खरंच रागावले. "मागे पोत्यात बांधलेत. फोन ठेव, वेळ जातोय."

मी उरलेल्या गावांना फोन लावले. हात जोडून सांगितलं, बाबांनो, सत्कार करू नका. पांढरकवड्याजवळच्या एका गावाने तर मलाच झापलं: "शेजारच्या गावानं केला, आमीच काहून नाई करायचा? आमचं नाक नाई काय?" आणि त्यांनी दोन शाली दिल्या.

पाचला नववा फोटो आला, मारेगावचा. अजून सतरा किलोमीटर बाकी, समोरून कोळशाचे ट्रक, पाय गेलेले, मागे नऊ नारळ. गेटवर अख्खं लेआउट जमलं होतं. काकू येऊन माझ्या बाजूला उभ्या होत्या. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. सहा वाजले. हरिसिंग म्हणाला, "पाच मिनिट सूट. बाबूजीचाच नियम हाय." सहा पाच झाले. त्याने लाल पेनचं टोपण काढलं. मला त्या एकोणीस पोरी दिसत होत्या, ज्यांना मी पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि मला रडू येत होतं. खोटं कशाला सांगू?

सहा बावीसला काका वळणावर दिसले. धुळीने भुवया पांढऱ्या, गळ्यात शालींचा भारा, पोत्यातले नारळ एकमेकांवर आपटून खडखडत होते. उतरले, सायकल भिंतीला टेकवली आणि पाणी मागायच्या आधी घड्याळ बघितलं.

"सहा बावीस. लाल शाईने लिही, हरिसिंग."

"लिवतो. पण उशीर काहून झाला?"

"कारण सांगून उपयोग नसतो."

"इचारणं माया काम हाय. काहून झाला?"

"सत्कार," काका पुटपुटले.

हरिसिंगने चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरून बघत विचारलं, "पुरावा?"

काकांची मान खाली गेली. चूक माझी होती, म्हणून मीच पुढे झालो, पोत्याची गाठ सोडली आणि टेबलावर नारळ मांडले. एक, दोन, तीन, असे नऊ. बाजूला मोबाइल ठेवला, नऊ फोटो, प्रत्येकावर वेळ.

हरिसिंगने प्रत्येक नारळ उचलून, कानाशी हलवून पाहिला. ही त्याची नाटकं. मग म्हणाला, "एका सत्काराले कमीत कमी धा मिनिट धरू. दोन शब्द आपल्याकडं कोणी त्याच्यात संपवत नाई, तरी धरू. नऊ नारळ, नव्वद मिनिट. म्हणजे बाबूजी आले चार बावन्नले." त्याने लाल पेनला टोपण लावलं, निळा घेतला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: हजर.

माणसं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. काका मात्र टेबलाला धरून उभे होते.

"हरिसिंग, तू पोरगी खिडकीत ठेवलीस ना, तेव्हा रजिस्टर उघडता आलं असतं. बंद झालं होतं, पण उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. चुकलं माझं."

हरिसिंगने रजिस्टर मिटलं. "मले कायले सांगता?" म्हणाला. "तिले सांगा. फोन लावून देतो." आणि तो घरात गेला. फोन आणायला गेला असं वाटलं, तर जांभळी सायकल घेऊन बाहेर आला, घंटी वाजवत.

एकोणीस सायकली दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागले. उंबरडोहला नेल्या तेव्हा प्रत्येक सायकलीपुढे नारळ फोडायचा ठरला. नऊ होतेच. बाकीचे दहा काकूंनी मला विकत आणायला लावले आणि फोडायलाही मलाच लावले.

पुढच्या मंगळवारी काका मुद्दाम काकूंबरोबर शाळेत गेले आणि घड्याळ हातात घेऊन फाटकात उभे राहिले. पुढचं काकूंनी मला सांगितलेलं. प्रार्थनेच्या आधी अठरा मुली आल्या. एकोणिसावी, अर्पिता टेकाम, घंटा होऊन बराच वेळ झाल्यावर जांभळी सायकल ढकलत आली. काकूंनी हजेरी घेऊन रजिस्टर मिटलं होतं. फाटकात घड्याळवाले बाबूजी बघून पोरगी जागच्या जागी थबकली.

"चेन पडली व्हती," ती म्हणाली.

काकांनी तोंड उघडलं. कोणता शब्द बाहेर येणार, काकूंना पाठ होतं. पण त्याआधीच पोरीने दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत काळे, वंगणाने माखलेले.

काकांनी घड्याळ खिशात टाकलं. "जा, नळावर हात धू," ते म्हणाले. मग व्हरांड्याकडे वळून त्यांनी हाक मारली,

"शुभदा, रजिस्टर उघड."